नदीमुखाचे जुने थर वाचताना: समुद्र उतरला, जमीन उचलली, की नदीनेच वाळू जास्त आणली?

एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. कच्छच्या अभ्याससहलीत त्यांना भूजच्या वालुकाश्मांसमोर उभं करून सांगितलं गेलं: खालच्या शेलमध्ये, म्हणजे चिखलापासून झालेल्या खडकात, समुद्र आहे, वरच्या वालुकाश्मात नदी आहे, म्हणजे समुद्र मागे हटला. त्यांनी विचारलं आहे, ‘समुद्राची पातळी उतरली म्हणून तो हटला, की जमीन वर आली म्हणून? दगडात हे दोन वेगळे कसे ओळखायचे?’

प्रश्न अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. गाळाच्या खडकांवर माझं बहुतेक आयुष्य गेलं आहे आणि याच प्रश्नावर मी स्वतः चुकलोही आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या दोन शक्यतांत तिसरी घालू या. समुद्राची पातळी तिथल्या तिथे राहिली, जमीनही हलली नाही, पण नदीने गाळ जास्त आणला, तरी किनारा समुद्राकडे सरकतोच. कड्यावर दिसणारं चित्र तिन्ही वेळा एकच: खाली शेल, वर वाळू, त्याहून वर मुळांचे ठसे असलेली माती किंवा कोळशाची रेघ. याचं कारण साधं आहे. थर समुद्राची पातळी नोंदवत नाही आणि भूकवचाची हालचालही नोंदवत नाही. तो नोंदवतो एक हिशेब: गाळ साठायला जागा किती तयार झाली आणि भर किती पडली. जागा दोन प्रकारांनी वाढते, तळ खचला तर किंवा पाणी चढलं तर. भर येते नदीकडून. जागेपेक्षा भर जास्त असेल तर किनारा पुढे सरकतो, कमी असेल तर समुद्र आत येतो. म्हणून एका कड्यासमोर उभं राहून ‘समुद्र का हटला’ याचं उत्तर मिळत नाही, कितीही बारकाईने पाहिलं तरी. तिथे ‘काय झालं’ एवढंच कळतं. ‘का झालं’ हे शोधायचं तर तोच थर धरून आडवं चालावं लागतं, दहा किलोमीटर, पन्नास, जमलं तर शंभर. माझ्या उत्तराचा गाभा एवढाच आहे. बाकीचं सगळं हे आडवं चालणं कसं करायचं याबद्दल आहे.

तरी उभं वाचन आधी नीट यायला हवं. त्रिभुज प्रदेशाचा एक टप्पा वर चढताना असा दिसतो: तळाशी काळपट, पापुद्र्यांची शेल, म्हणजे लाटा पोचत नाहीत तिथला चिखल. मग त्यात वाळूचे पातळ पट्टे येऊ लागतात, त्यांच्या माथ्यावर उंचवट्यांसारखी हलकी वळणं असतात. ही वादळी लाटांची खूण. कच्छमध्ये भूजच्या वालुकाश्मांखाली येणाऱ्या झुरान गटाच्या थरांत ती चांगली दिसते. पुढे वाळू जाड होत जाते, उभी बिळं दिसतात, तिरकस थर मोठे होतात. शेवटी नदीच्या पात्राची भरड वाळू, आणि नशीब असेल तर मुळांचे ठसे. मुळांच्या ठशांकडे मी फार आदराने बघतो. वनस्पती उभी होती म्हणजे तो थर त्या दिवशी समुद्रसपाटीच्या जवळपास होता. आपल्या सगळ्या मोजमापाचा शून्य तिथे असतो. तेलविहिरीत दगड डोळ्यांना दिसत नाही, तिथे गॅमा किरणांच्या आलेखावर हाच टप्पा नरसाळ्यासारखा उमटतो. टप्पा संपला की वर अचानक शेल येते. हा बदल हळूहळू नसतो, एका रेघेवर होतो. ती रेघ म्हणजे समुद्र पुन्हा आत आल्याची नोंद. कच्छमध्ये असे टप्पे एकावर एक रचलेले आहेत.

आता पहिला आणि सगळ्यांत भक्कम पुरावा, जो वर्गात पुरेसा सांगितला जात नाही असं मला वाटतं. कच्छमधल्या मध्यजीव महाकल्पाच्या थरांची एकूण जाडी सुमारे दोन ते तीन हजार मीटर आहे. या जाडीचा बराचसा भाग उथळ पाण्यात साठला आहे: लाटांच्या खुणा, शिंपले, तिरकस थर, वरच्या भागात वनस्पतींचे ठसे. तळाशीही उथळ आणि माथ्याशीही उथळ. मग दोन-तीन हजार मीटर गाळ मावला कुठे? पाणी चढून एवढी जागा होऊ शकत नाही. जगातला समुद्र आजच्यापेक्षा फार तर दोन-अडीचशे मीटर वर गेला होता. समजा 250 मीटर चढला आणि ती सगळी जागा गाळाने भरली. भाराने तळ थोडा वाकतो, हेही हिशेबात धरू. भूकवचाखालच्या प्रावरणाची घनता पाण्याच्या 3.3 पट आणि गाळाची 2.3 पट धरली, तर समुद्राच्या प्रत्येक मीटर चढीमागे जास्तीत जास्त सुमारे 3.3 मीटर गाळ मावतो. म्हणजे आठशे मीटरच्या आसपास. उरलेले बाराशे ते बावीसशे मीटर कुणी दिले? जमीन खचली, दुसरं उत्तर नाही.

आणि ती खचण्याचं कारणही माहीत आहे. गोंडवन हा दक्षिणेकडचा जुना महाखंड तुटू लागला तेव्हा भारताच्या पश्चिम कडेला ही खचदरी तयार झाली. उत्तरेला नगर पारकरचा प्रस्तरभंग, दक्षिणेला उत्तर काठियावाडचा, आणि मध्ये कच्छ मुख्यभूमीचा, कटरोल टेकड्यांचा, वागडचा असे आणखी काही. आपण बोलताना त्यांना फॉल्टच म्हणतो. भूवैज्ञानिक एस. के. बिस्वास यांनी 1970 च्या दशकात या खोऱ्याची जी मांडणी केली, झुरियो, जुमारा, झुरान आणि भूज असे चार गट, तीच आज आपण वापरतो. त्याआधीची पच्छम, चारी, कटरोल, उमिया ही विभागणी एकोणिसाव्या शतकातली, ॲमोनाइट या गुंडाळलेल्या कवचाच्या समुद्री प्राण्यांच्या जीवाश्मांवर उभारलेली. दोन्ही नावं वाचनात येतील, तेव्हा गोंधळू नका.

म्हणजे मोठ्या हिशेबात भूकवचाच्या हालचालींचा वाटा निर्विवाद आहे. अडचण येते ती छोट्या टप्प्यांत. दहा-वीस मीटरचा एक टप्पा, त्यावर अचानक आलेली शेल. तो समुद्र कुणी आत आणला?

यासाठी मी विद्यार्थ्यांना नेहमी कच्छच्याच रणात घेऊन जातो, प्रत्यक्ष नाही जमलं तर नकाशावर. 16 जून 1819 रोजी तिथे मोठा भूकंप झाला. रणाच्या सपाट जमिनीतून सुमारे 80-90 किलोमीटर लांबीचा उंचवटा वर आला, काही ठिकाणी सहा मीटरपर्यंत. लोकांनी त्याला अल्लाहबंद म्हटलं, देवाने घातलेला बांध. सिंधूचा एक जुना फाटा, पुराण, त्यामागे अडला. आणि बांधाच्या दक्षिणेला सिंद्रीचा किल्ला खचला, कोरी खाडीकडून पाणी आत आलं आणि तिथे खारं तळं झालं. काही वर्षांनी ॲलेक्झांडर बर्न्स तिथे होडीने गेला तेव्हा किल्ल्याचा एक बुरूज तेवढा पाण्यावर उभा होता. 1826 मध्ये सिंधूला पूर आला, पाण्याने तो बांध फोडला आणि नदी पुन्हा दक्षिणेला आली.

आता कल्पना करा, दहा लाख वर्षांनी कुणी हा गाळ वाचतो आहे. सिंद्रीच्या जागी त्याला खाली कोरड्या जमिनीची माती आणि वर खाऱ्या पाण्याचा चिखल दिसेल. तो लिहील: समुद्र आत आला. त्याचा सहकारी काही किलोमीटर उत्तरेला, बांधावर उभा असेल. त्याला नदीच्या गाळावर वाळलेली, उघडी पडलेली जमीन दिसेल. तो लिहील: समुद्र हटला. दोघंही एकाच दिवसाबद्दल बोलत असतील, आणि त्या दिवशी अरबी समुद्राची पातळी होती तिथेच होती. जगाचा समुद्र चढतो-उतरतो तेव्हा संपूर्ण किनाऱ्यावर एकाच दिशेने परिणाम होतो. भूकवच हलतं तेव्हा इकडे खड्डा आणि तिकडे उंचवटा होतो, आणि ही विषमता काही किलोमीटर ते काही दहा किलोमीटर अंतरात दिसते. आडवं चालायचं ते याच विषमतेच्या शोधात.

कच्छच्या जुरासिक थरांत याचं फार सुंदर उदाहरण आहे. जुमारा गटाच्या माथ्यावर धोसा ऊलाइट नावाचा थर आहे, सुमारे 16 कोटी वर्षांपूर्वीचा, ऑक्सफर्डियन काळातला. लोहयुक्त गोल दाणे आणि ॲमोनाइट खच्चून भरलेले. झुरा, जुमारा, हबो अशा घुमटांच्या भोवती तो कड्यासारखा फिरतो, आणि शंभरेक किलोमीटर अंतरात ओळखता येतो. जाडी थोडी, पण त्यात काळ मात्र खूप कोंबलेला. वरच्या गोट्यांच्या थरात तर वेगवेगळ्या काळातले जीवाश्म एकत्र सापडतात, काही झिजलेले, काही पुन्हा उकरले गेलेले. म्हणजे तिथे लाखो वर्षं भर जवळपास पडतच नव्हती. पुस्तकी उत्तर असं की समुद्र चढला, नद्यांची मुखं मागे गेली, वाळू इथवर पोचेना. ठीक आहे. पण आता पूर्वेला वागडमध्ये चला. तिथे त्याच काळात वाळूचे जाड थर साठत होते, कांठकोटच्या परिसरात ते पाहायला मिळतात. एकाच समुद्राच्या काठी, एकाच काळात, एका बाजूला उपासमार आणि दुसऱ्या बाजूला मेजवानी. समुद्राची पातळी दोन्हीकडे सारखीच असणार. वेगळं होतं ते जमिनीचं खचणं आणि वाळूची वाट. त्याच सुमाराला आफ्रिका एकीकडे आणि मादागास्कर-भारत दुसरीकडे असा सागरतळ पसरू लागला होता, त्यामुळे या थराच्या वरच्या खंडिततेमागे भूकवचाची हालचाल असावी असं मानणारे अभ्यासक आहेत. मला त्यांचं म्हणणं पटतं, निदान समुद्राच्या जोडीला तो वाटा धरावाच लागतो.

खोऱ्याच्या काठाजवळ गेलात तर हा वाटा हातात धरता येतो. खडीर बेटाजवळच्या चेरिया बेटावर जुन्या ग्रॅनाइटचे गोटे असलेला पिंडाश्म आहे. धोलावीरा पाहायला जाणाऱ्या लोकांपैकी फार थोडे तिकडे वळतात, ही मला हळहळ वाटणारी गोष्ट आहे. ग्रॅनाइटचे मोठे गोटे फार लांबून येत नाहीत. जवळच उंच, उघडा कडा होता हे ते सांगतात.

आता समुद्राची बाजू घेऊ, कारण तीही खरी आहे आणि तिचा सगळ्यांत स्वच्छ पुरावा आपल्या अगदी जवळच्या काळातला आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या कळसाला, समुद्र आजच्यापेक्षा 120 मीटरहून अधिक खाली होता. मग बर्फ वितळलं आणि पाणी चढत गेलं. मध्ये सुमारे साडेचौदा हजार वर्षांपूर्वी ते काही शतकांतच पंधरा-वीस मीटर चढलं. नद्यांची मुखं मागे मागे लोटली गेली. चढण्याचा वेग मंदावला तेव्हा कुठे भर जागेला गाठू शकली, आणि आजचे त्रिभुज प्रदेश तयार होऊ लागले. नाईल, मिसिसिपी, यांगत्से यांच्यासारख्या वेगवेगळ्या खंडांवरच्या त्रिभुज प्रदेशांतल्या गाळाच्या गाभ्यांचं, म्हणजे नळीने काढलेल्या उभ्या नमुन्यांचं, वय काढून स्टॅनली आणि वॉर्न यांनी 1994 मध्ये दाखवलं की बहुतेकांची सुरुवात साधारण साडेआठ ते साडेसहा हजार वर्षांपूर्वीच्या पट्ट्यात होते. एकमेकांशी संबंध नसलेल्या, वेगवेगळ्या भूरचनेतल्या नद्या एकाच वेळी एकच गोष्ट करतात, तेव्हा कारण जागतिक असतं. समुद्राची सही ही अशी दिसते.

पण त्याच यादीत गंगा-ब्रह्मपुत्रा बसत नाही. गुडब्रेड आणि क्यूल यांच्या 2000 सालच्या कामानुसार तिथला त्रिभुज प्रदेश सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वीच वाढू लागला, समुद्र वेगाने चढत असताना. पावसाळा जोरात, हिमालय उघडा, गाळ प्रचंड. आजही या नद्या वर्षाला सुमारे अब्ज टन गाळ आणतात. समुद्र वर येत होता तरी भर त्याला पुरून उरली. तिथल्या गाभ्यांत फक्त वाळू-चिखलाचा क्रम पाहून कुणी समुद्रपातळीचा आलेख काढला तर तो उलटाच येईल. ही तिसरी शक्यता मी आधीच घालायला सांगितली ती यासाठी.

भर बदलण्यामागे नेहमी डोंगरच असतात असंही नाही. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावून राजमहेंद्रीच्या पुढे समुद्राला मिळते, आणि आपल्या काळ्या मातीचा मोठा वाटा तिच्या त्रिभुज प्रदेशात जाऊन पडतो. तिच्या मुखासमोर बंगालच्या उपसागरातून काढलेल्या गाभ्यात गेल्या सुमारे चार हजार वर्षांत गाळाचं प्रमाण वाढलेलं दिसतं, आणि त्यात दख्खनच्या बसाल्टचा वाटा वाढत जातो. या काळात समुद्राची पातळी जवळपास स्थिर होती आणि दख्खनमध्ये भूकवचाची मोठी उलथापालथही नव्हती. हवामान कोरडं होत गेलं, झाडी विरळ झाली, आणि प्रवरेकाठच्या दायमाबादसारख्या वस्त्यांच्या काळापासून दख्खनमध्ये शेती पसरत गेली. नांगराखालची माती नदीत गेली. नेवाशाच्या किंवा पैठणच्या शिवारातली माती आंध्रच्या किनाऱ्याला पुढे सरकवत होती, हे मला जेव्हा पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी बराच वेळ त्या आलेखाकडे बघत बसलो होतो.

नदीचं स्वतःचं वागणंही समजून घ्यायला हवं, कारण इथेच मी चुकलो. नदी एका फाट्याने गाळ टाकत राहते. तो फाटा लांब होतो, उतार कमी होतो, मग एखाद्या पुरात नदी जवळची, तीव्र उताराची वाट पकडते. जुना फाटा सुटतो. तिथला गाळ आपल्याच वजनाने दबत राहतो, भर बंद झालेली असते, म्हणून समुद्र त्यावर येतो. मिसिसिपीने गेल्या काही हजार वर्षांत साधारण हजार-दीड हजार वर्षांनी अशी वाट बदलली आहे. तिच्या एका सोडलेल्या फाट्याचं जे उरलं ती आजची शँडलर बेटं. म्हणजे समुद्र स्थिर, जमीन तशीच, आणि तरी कड्यावर वाळूच्या डोक्यावर शेल. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका किनारी खोऱ्यातल्या तीन विहिरींत मला एकच शेल सापडली. मी तिला समुद्र चढल्याची खूण ठरवून नकाशावर सगळीकडे ओढून टाकलं. चौथी विहीर बारा किलोमीटरवर खोदली, तिथे त्याच जागी वाळू जाड होत गेलेली होती. नदी फक्त बाजूला सरकली होती. तेव्हापासून तीन विहिरींवर मी समुद्राचा निष्कर्ष काढत नाही. शेल संपूर्ण खोऱ्यात सापडली, किंवा दोन वेगळ्या नद्यांच्या त्रिभुज प्रदेशांत एकाच वयाची सापडली, तरच तिला समुद्राचं नाव देतो.

मग समुद्र उतरला हे ओळखायचं कसं? भर जास्त म्हणून किनारा पुढे गेला असेल तर वर चढताना सगळे टप्पे क्रमाने मिळतात, आणि माथ्यावर मैदानाचा, दलदलीचा गाळ जाड होत जातो, कारण जागा तयार होतच असते. पातळी उतरली असेल तर किनाऱ्याला पुढे ढकललं जातं. अशा वेळी किनाऱ्याची वाळू खोल पाण्याच्या शेलवर थेट, धारदार रेघेने बसते, मधले टप्पे गायब असतात. पुढचा किनारा आधीच्यापेक्षा खालच्या पायरीवर येतो. माथ्यावर दलदलीचा गाळ जवळपास नसतो. मागच्या बाजूला नद्या आपल्याच जुन्या गाळात दऱ्या कोरतात, आणि त्या दरीची खोली मोजली की पातळी निदान किती उतरली याचा अंदाज मिळतो. अर्थात जमीन उचलली गेली तरी नदी दरी कोरतेच. फरक पुन्हा आडव्या दिशेत: किनाऱ्यावरच्या सगळ्याच नद्यांनी एकाच काळात दऱ्या कोरल्या असतील तर समुद्राकडे बोट जातं. प्रस्तरभंगाच्या एकाच बाजूच्या नद्यांनी कोरल्या असतील तर जमिनीकडे.

दोन गोष्टी मात्र समुद्राला कधीच जमत नाहीत. एक, थर झुकवणं. खालचे थर तिरपे, त्यांचे माथे कापलेले आणि त्यावर नवे थर सपाट, असं दिसलं तर मधल्या काळात जमीन हलली आहे, वाद नको. दुसरी, पाचरीसारखी जाडी. एकाच वयाचा थर प्रस्तरभंगाकडे जाताना जाड होत गेला आणि भंग ओलांडल्यावर एकदम पातळ झाला, तर तो भंग गाळ पडत असतानाच सरकत होता. वाहत्या वाळूने भरलेल्या भेगा आणि वाळूचे कारंजे ही भूकंपाची खूण म्हणून दाखवली जातात. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात रणात अशी कारंजी मोठ्या प्रदेशावर उडाली होती. पण इथे सावध राहा. त्रिभुज प्रदेशाचा उतार मुळातच भुसभुशीत असतो, तो वादळानेही घसरतो. एक चुरगळलेला थर म्हणजे भूकंप नव्हे. तोच थर मैलोन्मैल, एकाच पातळीवर चुरगळलेला असेल तर विचार करावा.

आणि एक सवय टाळायला हवी: जगाच्या समुद्रपातळीचा छापील आलेख घ्यायचा आणि आपला कडा त्याच्याशी जुळवून मोकळं व्हायचं. पीटर वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 मध्ये असा आलेख दिला, 1987 मध्ये हक आणि सहकाऱ्यांनी तो आणखी बारीक केला. त्या कामाने आम्हाला थरांकडे नव्याने बघायला शिकवलं, हे ऋण मोठं आहे. पण 1992 मध्ये अँड्र्यू मियाल यांनी एक साधी चाचणी घेतली. त्यांनी समुद्र चढण्या-उतरण्याच्या घटनांच्या जागा निव्वळ यादृच्छिक आकड्यांनी ठरवून थरांचे चार खोटे स्तंभ तयार केले आणि त्या आलेखाशी जुळवून पाहिले. किमान 77 टक्के घटना जुळल्या. आलेखावर इतक्या घटना आहेत की काहीही जुळतं. अमेरिकेतल्या युटामधले बुक क्लिफ्स हे जगातले बहुधा सगळ्यांत जास्त अभ्यासलेले प्राचीन त्रिभुज थर आहेत. शेकडो किलोमीटर उघडे कडे, कॅम्पेनियन काळातले, सुमारे आठ कोटी वर्षांपूर्वीचे. पश्चिमेला डोंगर उभे राहत होते, पूर्वेला उथळ समुद्र होता. तिथेही कॅसलगेट वालुकाश्माची पसरट चादर समुद्र उतरल्याने पसरली की डोंगरांच्या हालचालीने, यावर दशकानुदशकं वाद चालू आहे. तिथे एवढं उघडं असून हा वाद मिटत नाही, तर आपल्याकडे झाडीआड आणि मातीआड दडलेल्या थरांवर एका आलेखाच्या भरवशावर निकाल देणं मला धाडसाचं वाटतं.

आता तुमच्या भूज वालुकाश्माकडे परत येतो. झुरान गटापासून भूज गटापर्यंत वर चढताना समुद्र हळूहळू पश्चिमेला सरकत जातो. हा बदल कोट्यवधी वर्षांचा आहे, एका रेघेवरचा नाही. थर पश्चिमेला, खोऱ्याच्या खोल भागाकडे जाड होत जातात, वाळू मुख्यतः पूर्व आणि ईशान्येकडच्या जुन्या खडकांतून आलेली आहे. धारदार रेघा, खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या, सगळ्या नद्यांनी कोरलेल्या दऱ्या, हे समुद्र उतरल्याचं लक्षण या संपूर्ण बदलाला मला लावता येत नाही. म्हणून माझं मत असं: मोठा बदल मुख्यतः खोऱ्याच्या खचण्याचा वेग कमी होण्याचा आणि कडेच्या उंच जमिनीतून भर वाढण्याचा आहे. तुमच्या शिक्षकांचं ‘समुद्र मागे हटला’ हे विधान बरोबर आहे. त्यातून ‘समुद्राची पातळी उतरली’ असा अर्थ मात्र काढता येत नाही.

एक अपवाद मी जपून ठेवतो. भूज गटाच्या मध्ये, पश्चिमेला लखपतकडच्या भागात, उक्रा नावाचा हिरवट वालुकाश्माचा थर आहे. हिरवा रंग ग्लॉकोनाइट या खनिजाचा, जे समुद्रात आणि भर मंद असताना तयार होतं. त्यात ॲप्टियन काळातले, म्हणजे सुमारे 12 कोटी वर्षांपूर्वीचे ॲमोनाइट आहेत. वर आणि खाली नदी-दलदलीचे थर, वनस्पतींचे ठसे, आणि मध्येच हा समुद्र. ॲप्टियनमध्ये जगात इतरत्रही समुद्र आत आलेला दिसतो, आणि ॲमोनाइटमुळे इथे वय घट्ट धरता येतं. त्यामुळे या एका थरापुरता जागतिक समुद्राचा वाटा मोठा मानायला मी तयार आहे. पण तो फक्त पश्चिमेलाच का पोचला, भूजपर्यंत का नाही, याचं उत्तर पुन्हा जमिनीच्या उतारात आणि पूर्वेकडून येणाऱ्या वाळूत आहे.

आणि तुम्ही पाहिलेले दहा-पंधरा मीटरचे छोटे टप्पे? त्यातले बरेचसे नदीने वाट बदलल्याचे असतील, असं मी गृहीत धरून सुरुवात करतो. उलट सिद्ध करायचं तर पुढच्या सहलीत एक दिवस वाढवून मागा. टप्प्याच्या माथ्यावरची एक शेल निवडा, तिची जाडी टेपने मोजा, तिच्याखालच्या वाळूतल्या सगळ्यांत मोठ्या दाण्यांचा आकार नोंदवा, प्रवाहाची दिशा वीस-पंचवीस तिरकस थरांवर कंपासने घ्या, आणि मग ओढ्याच्या काठाने पुढच्या उघड्या भागापर्यंत चालत जा. दर अर्ध्या किलोमीटरला पुन्हा मोजा. शेल जिथे संपते ती जागा नकाशावर टाका. ती प्रस्तरभंगाजवळ संपत असेल, की भंगाशी काही संबंध नसताना वाळूच्या एका जिभेत विरून जात असेल, हे पाहिलंत की तुमच्या हातात तुमचं स्वतःचं उत्तर असेल. कळवा मला, मोजमापांची वही आनंदाने बघेन.